बाहीच्या मापाचा हात

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो, पुढील हकिकत ही माझ्या जन्मापासून आजतागायतची असून तीत मी पदरचे काहीही घातलेले नाही. समोर आले तेच दाखवावे, हा आमच्या कुळाचा धर्म आहे. ही हकिकत आनंदाची नाही, हे आरंभीच सांगून ठेवणे मला उचित वाटते.

मी एक जुना आरसा आहे. माणसाच्या उंचीचा, सागवानी चौकटीतला, उभा आरसा. पाठीवर चकाकीचा मुलामा चढेपर्यंत मी खिडकीच्या काचेहून निराळा नव्हतो. माझ्यातून सर्व काही आरपार जाई आणि माझ्यात काहीच राहत नसे. मुलामा चढला आणि मला जग दिसू लागले. त्यानंतर एका शिंप्याने मला आपल्या दुकानात नेऊन उभे केले.

मित्रांनो, ते माझ्या वैभवाचे दिवस होते. नवा कपडा अंगावर चढवून गिऱ्हाईक माझ्यासमोर येई आणि लहान असो वा थोर, प्रथम पोट आत ओढून घेई. शिंपी गळ्यात टेप अडकवून मागे उभा राही. कसे दिसते असे कोणी विचारले, की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "मला नका विचारू. साहेबांना विचारा."

"तुमचे साहेब खोटं बोलतात हो," एक जाडजूड गृहस्थ एकदा म्हणाले. "मी काय एवढा आहे?"

"साहेब पगार घेत नाहीत. खोटं कशाला बोलतील?"

शिंप्याला दोन मुले होती. थोरली मुलगी आणि तिच्या पाठीवरचा धाकटा. आई नसल्यामुळे ती दोघे शाळा सुटली की दुकानातच असत. कापड बेतण्याच्या मेजाखाली बसून ती रद्दीतून आणलेल्या चित्रकथांची पुस्तके वाचत. त्या पुस्तकांत झंझावात नावाचा एक वीर होता. त्याच्यापाशी तलवार नव्हती, बंदूक नव्हती. होता केवळ उजवा हात. उंचावरून कोणी कोसळू लागले, की तो त्या हाताने त्यास वर ओढून घेई. प्रत्येक मुखपृष्ठावर तो वाचकाच्या थेट अंगावर झेपावत येई आणि त्याचा पंजा त्याच्या तोंडाहूनही मोठा दिसे. धाकटा माझ्यासमोर तसाच हात रोखून आरोळी ठोके. ताई खाकी कागदाच्या कपट्यांवर शिंप्याच्या खडूने तो वीर काढू पाही. "पंजा केवढा काढलास! हात आहे का सूप?" असे म्हणून शिंपी हसे आणि पोरीला समजावी, "बाळ, डोळा फसतो. टेप फसत नाही."

हे वाक्य तिने मनात जपून ठेवले. पुढील अनर्थाचे मूळ तेच, असे मला आज वाटते.

कालांतराने तयार कपड्यांची दुकाने वाढली, शिंप्याकडची वर्दळ आटली आणि त्याच काळजीत तो गेला. दुकान बंद झाले. शिवणयंत्र, कात्री आणि मी असे तिघे त्या भावंडांच्या खोलीवर आलो. मला खाटेच्या पायथ्याशी उभे करण्यात आले. ताई घरीच लोकांचे कपडे उसवून बेताचे करून देऊ लागली. धाकटा रंगारी झाला. दोरांवर टांगलेल्या फळीवर बसून तो उंच इमारती बाहेरून रंगवीत असे.

संध्याकाळी रंगाने माखलेले पाय धूत तो सांगे, "ताई, वरून रस्ता केवढा दिसतो माहितीये? शर्टाच्या काजाएवढा! आणि खिडक्या खाली जाताना सगळ्या एकाच जागी पळतात."

ताई कधी दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेली नव्हती. परंतु तिने फळ्यावर कागद लावला, त्यावर एक टाचणी टोचली आणि तिच्यापासून चारी दिशांना शिवणाचे दोरे ताणले. त्या दोऱ्यांच्या अनुरोधाने तिने खिडक्या काढल्या. काय सांगू, मित्रांनो! इमारती कागदातून खोल दरीत कोसळू लागल्या. शेजारच्या काकू ते चित्र पाहून दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "अगं बाई, हे भिंतीला लावू नकोस हं. मला घेरी येतेय!" म्हणाल्या. एवढी मोठी शाबासकी ताईला पूर्वी कोणी दिली नव्हती.

इमारती साधल्या, झंझावात मात्र साधेना. त्यातच धाकट्याच्या हातून कुंचला गळून पडू लागला. मग त्याला दोर ओढवेना. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा स्नायू झिजण्याचा आजार आहे, यावर उतारा नाही. हात उचलता येतात तोवर उचलत राहावे. त्या दिवसापासून धाकटा खाटेवर, माझ्या समोर बसून राहू लागला.

एके दिवशी तो म्हणाला, "ताई, झंझावात काढ. सरळ अंगावर येणारा. हात कागदाच्या बाहेर आला पाहिजे बघ. माझ्या हातावरून काढ, आहे तोवर."

ताईने मान डोलावली. हेच एक मागणे त्याने तिच्यापाशी केले होते.

समोरून पाहावे तर खोलीत चार पावले मागे सरायला जागा नव्हती. माझ्यात मात्र ती होती. म्हणून ताई त्याच्या शेजारी बसून माझ्यात पाहू लागली. पहिल्या दिवशी त्याने उजवा हात रोखला आणि चित्रात तो डावा उमटला.

"त्याला डावखुरा केलास की गं!" धाकटा खो खो हसला. तेव्हापासून तो डावा हात रोखू लागला.

तरीही हात बाहेर येईना. का येईना, ते मला स्पष्ट दिसत होते. त्याचा पंजा माझ्या रोखाने आला, की त्याच्या आड मनगट, कोपर, दंड, सारे झाकून जाई. पंजा आणि खांदा यांच्या मध्ये जणू हातच नसे. मी ते जसेच्या तसे दाखवीत होतो. ताई ते पाहीदेखील. परंतु लगेच टेप काढून खांद्यापासून मनगटापर्यंत बाहीचे माप घेई आणि त्या प्रमाणात हात काढी. झंझावाताचा हात लांबलचक होऊन हँगरवरच्या कोटासारखा लोंबत राही.

"ताई, तू हात काढत नाहीयेस. बाही शिवतेयस."

"गप रे. माप बरोबर आहे."

"माप बरोबर आहे म्हणूनच चुकतंय!"

आरशाला वाचा नसते, हे दुःख मला त्या दिवसांत जितके जाणवले तितके कधीही जाणवले नाही.

ताई खोडत होती, पुन्हा काढत होती आणि इकडे हात खाली येत होता. आधी आधी ती पेन्सिलीला टोक करीपर्यंत तो हात वर धरून बसे. पुढे ती मान वर करून पाहीपर्यंतच हात टिके. डावा हात मुळीच उचलेना, तेव्हा तो म्हणाला, "आता डावखुराच होऊ दे त्याला," आणि त्याने उजवा रोखला. काही दिवसांनी तोही थरथरू लागला.

अखेरीस ताईने मऊ कापडाची एक पट्टी शिवली, ती पडद्याच्या दांडीला बांधली आणि तिच्या फासात त्याचे मनगट अडकवले. हात वर राहिला. धाकट्याने माझ्यात पाहिले.

"सोड."

"थोडाच वेळ, राजा. पंजा होईपर्यंत."

"सोड म्हणतो ना! दुसऱ्याला वर ओढणाऱ्याचा हात असा टांगलेला असतो का?"

तिने घाईघाईने मनगट सोडवले. हात मांडीवर पडला. तो तसाच माझ्याकडे पाहत राहिला.

"आरसा फिरव, ताई."

"का रे?"

"तो माणूस मला समोर नको."

अशा रीतीने माझे तोंड भिंतीकडे झाले. मी त्यांना दोष देत नाही. तेव्हापासून मला चुन्याचे पोपडे तेवढे दिसतात; बाकीचे मी ऐकतो. मशीन थांबली की पेन्सिलीची खरखर ऐकू येई. टेप ठेवण्याच्या पत्र्याच्या डब्याचे झाकण मात्र कधी वाजले नाही. आता माप घ्यायला रोखलेला हातच उरला नव्हता. जो हात तिने इतके दिवस माझ्यात पाहिला आणि मानला नाही, तो ती आता आठवून काढत होती.

एके दुपारी ती म्हणाली, "झालं बहुतेक."

"दाखव."

कागद त्याच्यासमोर धरल्याची सळसळ झाली.

"आखूड काढलास."

"हो."

"मधला हात दिसतच नाही. नुसता पंजा."

"हो रे."

"जमलं की गं! बाहेर आला. थेट माझ्यापर्यंत आला!"

मित्रांनो, भिंतीकडे तोंड असूनही मला कृतार्थ वाटले. परंतु ते क्षणभरच. कारण धाकटा हळू आवाजात पुढे म्हणाला, "ताई, हा मला वर ओढायला आलाय. आणि मला हात पुढे करता येत नाही."

ताईची पावले मशीनकडे गेली. मशीन सुरू झाली आणि पुष्कळ वेळ चालू राहिली. कापडाविना चालणाऱ्या सुईचा आवाज निराळा असतो. दुकानात इतकी वर्षे काढल्यामुळे तो मला ओळखता येतो. तिच्या सुईखाली कापड नव्हते.

बालमित्रांनो, माझे तुम्हाला एकच कळकळीचे सांगणे आहे. जो हात सरळ तुमच्याकडे येत असतो, तो आखूडच दिसतो. त्याला टेप लावीत बसू नका. तो वर आहे तोवर त्याच्याकडे नीट पाहून घ्या.

मला कोणी पुन्हा वळवावे, अशी माझी विनंती नाही. वळवले तर समोर असेल ते मला दाखवावे लागेल आणि ते धैर्य माझ्यापाशी उरलेले नाही.

एका जुन्या काचेचे बोलणे आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
उभा आरसा