झुल्मीराचा पक्ष कोणता

संसदेच्या सभागृहात मला झोप लागते, हे आमच्या राजधानीतल्या, दिलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोंड उघडं असलेला माझा फोटो पेपरात छापूनसुद्धा आला. मी म्हणतो, अर्धा जन्म डोंगरात बंदूक उशाशी घेऊन जागलो, आता पंख्याखाली डुलकी काढली तर कुणाच्या बापाचं काय गेलं? शिवाय झोपेत भाषणं बरी लागतात. त्यातला फापटपसारा विरघळून जातो आणि एखादा खरा शब्द असलाच तर तेवढा उरतो.

एतेल्विनाचं भाषण मी असंच ऐकलं. ती सरकार पक्षाची, मी विरोधातला. पण घरं शेजारी, म्हणून सकाळची कॉफी तिच्याच ओसरीवर. त्या दिवशी तिचे मामा डोंगरावरून उतरून आले होते. तिउ, म्हणजे मामा, बोनिफासियु; माउबिसीच्या वरच्या गावाचे लिया-नाइन. आमच्या तेतुन भाषेत लिया म्हणजे शब्द आणि लिया म्हणजे तंटाही. लिया-नाइन दोन्हींचा धनी. तो चटई अंथरतो, दोन्हीकडच्यांना बसवतो, पानसुपारी फिरवतो आणि लिया तोडतो. आईबापांमागे एतेल्विनाला आणि तिच्या धाकट्या बहिणीला याच तिउंनी वाढवलं.

ती धाकटी, झुल्मीरा, आम्हाला कॉफी ओतत होती. डाव्या हाताने. उजवा नवऱ्याने मोडला होता, तो गळ्यात बांधलेला. महिन्याभरापूर्वी ती गावातून पळून बहिणीकडे आली आणि तिची फिर्याद कोर्टात गेली.

एतेल्विना भाषणाची तालीम करत होती. नवा कायदा येत होता: गावातले घरगुती मारहाणीचे तंटे कोर्टातून चटईवर परत न्यायचे, मात्र दोन्ही पक्षांची संमती हवी. मसुदा पोर्तुगीजमध्ये लिहिलेला, मग तेतुनमध्ये आणलेला. एतेल्विना कायद्याच्या बाजूने बोलणार होती. आपल्या मामाच्या चटईला सरकारदरबारी मान मिळतोय, या आनंदात पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

"माना, म्हणजे मला परत पाठवणार?" झुल्मीराने हळूच विचारलं; माना म्हणजे ताई.

"अगं वेडे, संमती लागते ना. तू नाही म्हणालीस की संपलं."

तिउंनी पाव कॉफीत बुडवला. "संमती झालीय की. तेवढ्यासाठीच तर आलोय. आज कायदा होऊ दे, उद्या हिला घेऊन जातो."

"कुणी दिली संमती?"

"दोन्ही पक्षांनी. मुलाच्या घराने दिली, मुलीच्या घराने दिली."

"मुलीच्या घराने म्हणजे?"

"म्हणजे मी. अजून कोण?"

एतेल्विनाने कागद खाली ठेवला. "आणि झुल्मीरा, तिउ? ती कोणत्या पक्षात?"

म्हातारा खरोखर बुचकळ्यात पडला. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. "ती कशी पक्षात असेल, पोरी? पक्ष बोलतात. हिच्याबद्दल बोलायचं असतं. झुल्मीरा म्हणजे लिया."

झुल्मीरा कपबशा उचलून आत गेली. माझी कॉफी कडू झाली. साखर होती, तरी झाली.

इथंच तर घोडं पेंड खात होतं. पोर्तुगीज मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन पक्ष म्हणजे मारणारा आणि मार खाणारी. तेच शब्द डोंगर चढून वर गेले की दोन घरं व्हायचे. आम्ही सगळे दोन्ही भाषा जाणणारे, रोज एकीतून दुसरीत उड्या मारणारे, आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच नाही.

दुपारी सभागृहात समुद्राकडून ऊन येत होतं, पडदे फुगत होते. वर प्रेक्षकांत तिउ आणि झुल्मीरा शेजारी शेजारी बसलेले. कुणीतरी रस्त्यांवर बोलत होतं, मग कुणीतरी तांदळावर, आणि माझे डोळे मिटले.

मला दिसलं, बाकं गेलीत. जमिनीवर एकच चटई आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दारातून धुकं आत येतंय, कॉफीच्या मळ्याचा ओला वास येतोय. आम्ही सगळे मांडी घालून बसलोय. आमच्यामागे आमचे मेलेले, त्यांच्या खांद्यावर ताईसची, हातमागावर विणलेली कापडं. माझी आईही होती. तिला मी खुणेने म्हटलं, ये, बस. ती म्हणाली, "कुठे बसू, आन्सेल्मु? जागा दाखव ना." मी इकडे सरकलो, तिकडे सरकलो. एवढी मोठी चटई, पण आईपुरती जागा काही सापडेना. माझी आई गोड बाई होती. ती उभीच राहिली, हातात पानाचं तबक घेऊन.

मग धुक्यातून एतेल्विनाचा आवाज आला.

"मी बाजूने बोलायला आले होते. चटईनेच मला वाढवलं, तिला मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या चटईवर दोन पक्ष बसतात, अध्यक्ष महाराज, आणि दोन्ही पक्ष पुरुष असतात. जिचं हाड मोडलं ती पक्ष नसते. ती विषय असते. तुम्ही तिची संमती मागताय असं तुम्हाला वाटतंय. तिला कुणी विचारणारच नाहीये. म्हणून मी एक ओळ सुचवते: मार ज्याच्या अंगावर पडला, तोच पक्ष. त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय चटई अंथरायची नाही."

मी डोळे उघडले. गाल ओले होते; म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून असंच पाणी येतं, असं मी शेजाऱ्याला सांगितलं. एतेल्विना उभी होती, वर मामाकडे न बघता. तिच्या स्वतःच्या पक्षातले लोक टेबलाकडे पाहत होते. तिच्यासाठी मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

मतदान झालं. आमच्या नेत्याने सकाळीच बजावलं होतं की सरकारवाल्यांच्या कुठल्याही सूचनेला हात वर करायचा नाही. माझा झाला. मग माझ्यामागे आणखी काही झाले, पलीकडेही झाले, आणि ती ओळ थोडक्या मतांनी तरली.

"आवो," मला आजोबा म्हणत आमचा नेता दात ओठ खात कुजबुजला, "झोपेत हात वर केलात का?"

"झोपेतच केला, बाळा. जागा असतो तर तुझं ऐकलं असतं."

बाहेर वडाखाली तिउ सुपारी चघळत बसले होते, झुल्मीरा जरा बाजूला उभी होती. एतेल्विना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, लहानपणी चूक झाल्यावर राहत असेल तशी. त्यांनी थुंकून तोंड पुसलं आणि मान वळवली.

"तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

झुल्मीराने मागे वळून पाहिलं, ते कुणाला विचारताहेत म्हणून.

मागे कुणी नव्हतं. वड होता आणि किनाऱ्यावरची वाळू. ती परत वळली.

"तुलाच विचारतोय, झुल्मीरा," तिउ म्हणाले.

"मी नाही जाणार," ती म्हणाली.