पणजोबांची साक्ष

थोरल्या काकांना घराण्यात एक मोठा माणूस हवा होता. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, नवं घर बांधलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्यामागे मिरवण्यासारखं कुणीच नाही. तेवढ्यात वडिलांचं बोलणं आठवलं, "माझे आजोबा रोज कोर्टात जायचे." झालं! रोज कोर्टात जातो तो न्यायाधीशच. पणजोबांचा फोटो नव्हता, म्हणून काकांनी स्वतःच्याच तोंडाला पांढरी दाढी चढवून तैलचित्र काढून घेतलं. आता पुरावा तेवढा हवा होता.

ते काम पुतणीच्या गळ्यात पडलं. ती नकाशे काढायच्या कचेरीत होती, जुनं अक्षर तिला लागायचं. सुट्ट्या खर्ची घालून तिने जुन्या दप्तरखान्यात आधी काकांच्या आजोबांची जन्मनोंद शोधली. बापाचा धंदा या रकान्यात लिहिलं होतं, 'कोर्टाच्या पायरीवर असतो.' तिला हसू आलं. मग तिने त्या वर्षांची वर्तमानपत्रं चाळली.

"काका, तुमचे पणजोबा न्यायाधीश नव्हते."

"मग वकील?"

"भाडोत्री साक्षीदार. एकाच संध्याकाळी दोन गावांत दोन गुन्हे बघितल्याची शपथ घेतली आणि पकडले गेले."

काकांनी चष्मा पुसला. "म्हणजे होते कोर्टातच ना?"

"त्याआधी त्यांच्या साक्षीवर एक धोबी तुरुंगात गेला. तिथेच मेला. मागे बायको आणि तान्ही मुलगी."

"अगं, त्या काळी हे चालायचंच. उगीच उकरत बसू नकोस."

पुतणीला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! महिन्याभरात नातलगांना आमंत्रणं गेली. दिवाणखान्यात चित्राखाली संगमरवरी पाटी: 'न्यायदानास आयुष्य वाहिलेले.' जावयांनी माना डोलावल्या, वकील भाच्याने तर चित्राला वाकून नमस्कार केला. काका फुलून गेले. "आणि हे मी म्हणत नाही हं. हिने स्वतः कागद तपासलेत. सांग गं सगळ्यांना."

पुतणी उठली. दोन गावं, ती शपथ, तो धोबी, सगळं सरळ आवाजात सांगितलं. एवढ्यात काकू फिस्सकन हसल्या. "तरीच! लग्नात आमच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा पदवीधर आहे म्हणून."

काका लालबुंद झाले. "घरभेदी आहेस तू!"

"तुम्हीच सांगायला उभं केलंत," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

पाटी काही उतरली नाही. पाहुणे तिच्याखालीच जेवले. भाचा नंतर सगळ्यांना सांगत होता, हिला जुनं अक्षर नीट लागतच नाही. काकांनी बोलणं टाकलं, त्याचं तिला सोयरसुतकही नव्हतं. पुढच्या सुट्टीत ती पुन्हा त्याच दप्तरखान्यात गेली आणि धोब्याच्या मुलीचा शोध घेऊ लागली. मुलीचं लग्न झाल्याची नोंद मिळाली. पुढे तिचं काय झालं, ते मात्र अजून सापडलेलं नाही.