माशाच्या ओळीत गारीचा भाव

मी एक जुना अंक आहे, सरकारी बाजारभावांच्या तक्त्यांचा. पण मित्रांनो, ज्या शनिवारी मी घाना देशातल्या एल्मिना गावी एबो क्वान्सा यांच्या मांडीवर आलो, त्या दिवशी माझी शाई ताजी होती.

एबोंनी आयुष्यभर बाजारात फिरून असेच भाव गोळा केले होते. गारी म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा. विक्रेतीने गारीचे माप हाताने शीग लावून भरले, की एबो ते शिगेसकट तोलून पाहत. अशा माणसांच्या पायपिटीतून माझा जन्म होतो, छापखाना नंतरचा.

आता त्यांची नजर पुरती गेली होती. दर महिन्याला मुलगी अराबा टाकोराडीहून बसने येई आणि तक्ते वाचून दाखवी. माझ्या शेवटच्या पानावर वाचकांना विचारले होते, की पुढच्या वर्षापासून आकडे कसे हवेत : छापील, संगणकावर, की फोनवर ऐकायला?

"फोन घ्या, पापा," अराबा म्हणाली. "मला बसमध्ये कोंबड्यांशेजारी बसायला नको."

"छापील."

"छापील दिसतं का तुम्हाला?"

"तुला दिसतं ना."

"फोन चुकत नाही, पापा."

"तेच तर. मग मी ओरडू कुणावर?"

ती वाचू लागली. धुरी दिलेल्या मासळीपाशी तिचे बोट सरकले आणि तिने खालच्या ओळीतला भाव वाचला.

"अगं बाई, एवढ्या स्वस्त मासळीला मांजरसुद्धा तोंड लावणार नाही. गारी वाचतेयस तू. बोट ठेव ओळीवर. शाळेत पोरांना असंच शिकवतेस?"

"पोरं तुमच्यापेक्षा गरीब आहेत."

दोघे हसले. केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा खाताना एबोंनी मला चाचपले, त्याचा तेलकट डाग अजून माझ्यावर आहे. "फोनचं पुढच्या खेपेला बघू," म्हणत अराबा निघाली.

त्या खेपेआधीच एबो झोपेत गेले.

शोकाची लाल-काळी वस्त्रे नेसलेल्या माणसांनी अंगण भरले. डुगडुगणाऱ्या एका बाकाच्या पायाखाली कुणीतरी मला घडी घालून सरकवले. तिथून मी खोक्यात गेलो. त्या घरात माझ्यानंतर अंक आला नाही.

पावसाळा सरल्यावर अराबा घर आवरायला आली. मासळी विकणारी तिची आत्या मदतीला होती.

"दे ती रद्दी इकडे. मासळी बांधायला होईल."

"हा नको, आत्या."

"भाव काय, आता फोनवर मिळतात."

"ठाऊक आहे गं."

मित्रांनो, आकडे फोनवर मिळावेत, त्यात वाईट काही नाही. ते सर्वांपर्यंत पोहोचायलाच हवेत. माझी विनवणी एवढीच आहे, की घरातले कुणी 'वाचून दाखव' म्हणाले, तर ते नेमके काय मागत आहे, हे घाई न करता ऐका.

अराबा मला घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसली. माझी घडी तिने तळव्याने सपाट केली आणि तक्ता मोठ्याने वाचायला घेतला. मासळीच्या ओळीत तिने मुद्दाम गारीचा भाव वाचला. मग थांबली. अंगणात आत्या टोपल्या आपटत होती. बाकी आवाज नव्हता.

"बोट ओळीवर नव्हतं, पापा," ती म्हणाली.

बराच वेळ तिने मला मिटले नाही.

"मला फोन नकोच होता. मला यायला आवडायचं."