कुंडातला भात

"दादा, तूच सोड. तुझ्या हाताला यश हाय," म्हणत रूपीने तांदळाची पुरचुंडी पुढे केली आणि काकड्याने हात मागे घेतला.

गेली तीस वर्षं तो मठाच्या कुंडावर होता. डोंगरातला तो जुना दगडी मठ बघायला डहाणू-तलासरीतून, पार गुजरातेतूनही माणसं येत आणि मठ बघून झाला की गरम पाण्याच्या कुंडांकडे वळत. मोठ्या कुंडात अंघोळ करायची, लहान कुंडात नवसाचा भात शिजवायचा. आपल्याच शेतातला मूठभर तांदूळ पांढऱ्या फडक्यात बांधून दोरीने आत सोडायचा. शिजला तर देवाने ऐकलं, आजाऱ्याला त्यातलाच पहिला घास. महंत दोनदा बदलले, पण दोरी काकड्याच्याच हातात राहिली. मुंबईच्या पोरांनी एकदा त्या कुंडात अंडी उकडली, तेव्हा त्याने त्यांना गाडीपर्यंत पिटाळलं होतं आणि पुढे महिनाभर भेटेल त्याला ती गोष्ट रंगवून सांगितली होती.

मग २०१८च्या दिवाळीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झाले. माणसं घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहू लागली. मठाच्या भिंतीला चीर गेली आणि लहान कुंडाचं पाणी हळूहळू निवत गेलं. माघ लागेपर्यंत ते जेमतेम कोमट उरलं. पहिला कच्चा भात निघाला तो झरी गावच्या एका म्हातारीचा. ती तिथेच फतकल मारून रडायला लागली. काकड्याला बघवेना. "अजून जरा वेळ लागेल आजी, तोवर मठ बघून या," असं सांगून त्याने पुरचुंडी आपल्या खोपीत नेली, चुलीवर उकळली आणि गुपचूप परत कुंडात सोडली. म्हातारी हसत घरी गेली. तेव्हापासून हेच चाललं होतं. लोक पाया पडायचे आणि काकड्या मान खाली घालायचा.

पण आज समोर सख्खी बहीण होती. गंजाडहून आणलेला तिचा नवरा लडक्या बाहेर इको गाडीत आडवा पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं.

"डाक्टर काय बोलला?" काकड्याने विचारलं.

"आजच्या आज वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात न्या बोलला. पण आमच्या शेजारचा हाल्या वलसाडला गेला, त्याचा मढाच बांधून आणला ना! मी देवाला सांगितलाय. भात शिजला तर याला घरी ठेवीन, अकरा दिवस इथलाच पाणी पाजीन."

"आणि नाय शिजला तर?"

रूपीने पदर तोंडाला लावला. "मग वलसाडला नेऊन तरी काय? देवानंच सोडला ना त्याला."

भात शिजवून दिला तर लडक्या घरी जाणार, कच्चा दिला तरी घरीच जाणार. शेवटी काकड्या तोंडातल्या तोंडात म्हणाला, "रूपे, ह्या पाण्यात आता कुणाचाच भात शिजत नाय. धक्के सुरू झाले तसा पाणी थंड झालाय. मी चुलीवर शिजवून देतो."

"खोटा नको बोलू. आमच्या गावच्या जमनाचा शिजला. मी त्यातला खाल्लाय."

"तो पण चुलीवरचाच."

"सगळ्यांचा शिजतो आणि माझ्याच येळेला पाणी थंड?" रूपीचा आवाज चढला. अंघोळीला आलेल्या बायका जवळ येऊन उभ्या राहिल्या. "नाय शिजला तर बहिणीला कसा सांगायचा, म्हणून बोलतोस तू."

"आईची आण! चल, मी पण येतो वलसाडला. आता निघू."

गाडीवाला मुकेश आत डोकावला. "काकड्याकाका, काय ते लवकर ठरवा. पेशंट लय कण्हतोय."

काकड्याचा धीर सुटला. जिथे बोट बुडवायची कुणाची छाती नव्हती, त्या लहान कुंडाकडे त्याने हात केला. "माझा नको ऐकू. हात घाल आत. तूच बघ!"

बायका "नको गं, नको" करेपर्यंत रूपीने डोळे मिटून कोपरापर्यंत हात घातला. क्षणभर थांबली. मग तिने डोळे उघडले आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"चटका नाय लागला!" ती ओरडली. "दादा, मला चटका नाय लागला! देवानं मला ओळखला!"

"अगं येडे, पाणीच थंड हाय!" काकड्या कळवळून म्हणाला. मागच्या बायकांनी रूपीला हात जोडले होते. एकीने तर वाकून तिच्या पायाला हात लावला.

"मुकेश, गाडी घराकडे फिरव," म्हणत रूपीने ओंजळ भरली आणि सांडू न देता ती चालू लागली. काकड्या ओरडत मागे धावला. बायका तिला वाट करून देत होत्या, त्याला नाही. तो गाडीपाशी पोहोचला तेव्हा रूपी दारात वाकली होती. लडक्याने पिवळे डोळे उघडून बायकोच्या ओंजळीकडे पाहिलं आणि शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं.