शंभर पावलांवर

सुधाताई चालता चालता एकदम वळल्या आणि उलट्या दिशेनं तरातरा निघाल्या. मागून येणारी बाई गडबडली आणि शिंपले वेचायच्या निमित्तानं खाली वाकली. तीन दिवस ती अशीच शंभर पावलांवर असायची. त्या थांबल्या की थांबायची, खडकावर बसल्या की सुरूच्या झाडाआड व्हायची.

"सिंधुबाई, वर बघा. माझ्या मागे मागे का येता?"

सुधाताईंनी आठ दिवसांसाठी ज्या घरात खोली घेतली होती, तिथं सिंधुबाई धुणीभांडी करायच्या. मूळच्या चांदवडकडच्या. नवऱ्यासोबत कोकणात कामाला आलेल्या.

"घरमालकांनी सांगितलं, ताई. नाशिकवरून तुमच्या लेकाचा फोन आला व्हता. म्हणाले, आई एकटी हाय, लक्ष ठेवा. पर तिला कळू देऊ नका."

सुधाताईंची कानशिलं तापली. तिथंच वाळूत उभ्या राहून त्यांनी ललितला फोन लावला.

"अगं आई, काळजी वाटते म्हणून. पासष्ट वर्षांची आहेस तू."

"पासष्टची आहे, पाचची नाही! अठ्ठावीस वर्षं नाशिकरोडहून नांदगावला शाळेत शिकवायला जात होते मी. गाड्या रखडायच्या, घरी यायला नऊ-नऊ वाजायचे. तेव्हा कुणी माणूस लावला होता माझ्या मागे? तुझे बाबा कधी स्टेशनवर घ्यायलासुद्धा आले नाहीत. तुमच्यासाठी धावत होते तेव्हा मी शहाणी होते. आता स्वतःसाठी चार पावलं टाकली, तर लगेच म्हातारी झाले?"

"आई, ऐक ना—"

"हे आजच्या आज बंद."

त्यांनी फोन कापला.

"मग उद्यापासून येऊ नको मी?" सिंधुबाईंनी विचारलं.

"नका येऊ. मला राखण नको."

सिंधुबाईंनी मान हलवली, पण त्या हलल्या नाहीत.

"तुमचं बरोबर हाय. पर ताई, बारा वर्षं झाली मला इथं. मासळी आणायला येते तेवढाच समुद्र. नुसतं चालायला आले, तर लोक म्हणतात, हिला घरात काम नाय का? आमचे घरधनी तर लगेच बोलावणं धाडतात. हे तीन दिवस कुणी काय बोललं नाय. कामावरच हाय ना मी."

सुधाताईंनी पुन्हा नंबर लावला.

"ललित, त्या घरमालकांना सांग, बाई हवी मला. सकाळी आणि संध्याकाळीसुद्धा. वाळूत माझा तोल जातो."

"बघ! मी म्हणत होतोच."

"हो," त्या दात आवळून म्हणाल्या. "तू म्हणत होतास."

संध्याकाळी वाट संपून वाळू सुरू झाली, तिथं दोघी थांबल्या.

"तुम्हाला कुठे जायचंय?" सुधाताईंनी विचारलं.

सिंधुबाईंनी जरा चाचरत खाडीच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "तिकडं कधी गेले नाय."

"जा मग. मी खडकांकडे जाते. दिवेलागणीला इथंच भेटू."

"आणि कुणी इचारलं तर?"

"सांगा, ताईंनी पाठवलंय. कशाला, ते माझ्याकडे येऊन विचारा म्हणावं."

थोडं पुढं गेल्यावर सुधाताईंनी वळून पाहिलं. कामाला उशीर झाल्यासारख्या सिंधुबाई भराभर चालल्या होत्या. मग त्यांची चाल हळूहळू संथ झाली. एका लाटेपाशी त्या उगीचच थांबल्या.

सुधाताईंनी नजर काढून घेतली.