हँडल कुणाच्या हातात होतं

मित्रांनो, मी एक जुनी एटीव्ही आहे आणि मी रागावलेली आहे. आधी माझी कहाणी ऐका, मग माझा राग खरा की खोटा ते तुम्हीच ठरवा.

एटीव्ही म्हणजे चार जाड टायरांची गाडी. माझ्यावर घोड्यासारखं टांग टाकून बसायचं आणि मोटारसायकलसारखं हँडल धरायचं. पुढे आणि मागे सामान बांधायला लोखंडी जाळ्या आहेत. माझी बैठक लांब दिसते, पण ती एकाच माणसासाठी आहे. माझ्या अंगावर तसं चिकटवलेलंही आहे, लाल अक्षरांत.

कारखान्यातून निघून मी अमेरिकेतल्या मोंटानात आले, स्नोई डोंगरांच्या पायथ्याशी, ऑर्लिन टॉफ्टे यांच्या गुरांच्या रँचवर. त्याला एकोणीस वर्षं झाली. ऑर्लिन यांच्या उजव्या हाताला अंगठा नाही. तरुणपणी बैलाला दोर टाकताना दोराचा वेढा खोगिराच्या खुंटीवर आवळला आणि त्यात अंगठा गेला. माझी रेस देण्याची पट्टी मात्र अंगठ्यानेच दाबायची. ते माझ्यावर पहिल्यांदा बसले आणि तसेच उतरले. तेव्हा त्यांची मुलगी मार्ना पाना घेऊन आली. तिने दोन स्क्रू ढिले केले, पट्टी पुढच्या बाजूला फिरवली आणि पुन्हा आवळली. आता ती बोटांनी ओढता येऊ लागली. ऑर्लिन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात आले नाहीत.

मग मी खूप राबले. मार्च महिन्यातल्या बर्फात नुकती जन्मलेली वासरं माझ्या जाळीवर बसून गोठ्यात आली. कुंपणाची तार, गाईंच्या मिठाचे ठोकळे, तणावर मारायचं औषध, सगळं मी वाहिलं. शरद ऋतूत एल्कची शिकार व्हायची. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याचे चार भाग करून मी दोन खेपांत खाली आणायची. "हिला ओट्स नकोत आणि नालही नकोत," असं ऑर्लिन कौतुकाने म्हणायचे.

ऑर्लिन यांना एक मुलगाही आहे, ग्रेडी. तो बिलिंग्ज शहरात घरं विकतो आणि शिकारीपुरता आठवडाभर येतो. माझा राग इथे सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये ग्रेडीने वरच्या कुरणात एल्क मारला. मांस आणायला तो सकाळी शेडमध्ये आला. बोटांनी रेस देणं त्याला जमेना. त्याने माझ्या बैठकीखालचा पाना काढला आणि पट्टी फिरवून अंगठ्याकडे आणली. "चला डॅड, मागे बसा. जागा दाखवतो," तो म्हणाला.

मार्ना दारात उभी होती. "ग्रेडी, ती एकाची गाडी आहे. डॅडना पिकअपमधून ने."

"पिकअप तिथवर जात नाही. दहा मिनिटांचं काम आहे, बाईसाहेब."

येताना पुढच्या जाळीवर एल्कची मागची तंगडी होती आणि मागच्या जाळीवर त्र्याहत्तर वर्षांचे ऑर्लिन. ओल्या बर्फाचा उतार होता. सरळ खाली उतरून वळसा घ्यायचा, तर ग्रेडीने मला आडवं घातलं. माझं वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं. ग्रेडीने वरच्या अंगाला उडी मारली. ऑर्लिन यांना उडी मारता आली नाही. मी उलटले, त्यांच्या कमरेवरूनच.

त्यांची किंकाळी मी ऐकली. नंतरचं बोलणंही ऐकलं. ग्रेडी गुडघ्यांवर बसून रडत होता. "डॅड, मार्ना मला जिवंत सोडणार नाही. तुम्ही एकटेच चालवत होता असं सांगू या का? रेस अडकली म्हणू."

ऑर्लिन यांचे डोळे मिटलेले होते. "सांग काय सांगायचं ते. आधी माणसं बोलाव," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी शेडमध्ये माझ्यावर खटला भरला. ऑर्लिन दवाखान्यातून घरी आले होते, कमरेत सळई घालून. ग्रेडी होता, मार्ना होती आणि शेजारचे वेंडेल होते. माझं हँडल वाकलेलं होतं आणि चिखल, माती, रक्त सगळं अंगावर तसंच सुकलेलं होतं. कुणी पाणीसुद्धा मारलं नव्हतं.

"ही भंगारात द्या," ग्रेडी म्हणाला. "अडकणारी रेस आणि वर म्हातारा चालक. साइड-बाय-साइड घ्या. दोघं शेजारी बसतात, पट्टे असतात, डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो. मागच्या हौद्यात अख्खा एल्क मावतो."

"आणि साठ इंच रुंद असते," मार्ना म्हणाली. "जंगलखात्याच्या वाटेवर पन्नास इंचांच्या वर बंदी आहे. ओढ्याकाठच्या झुडपात गाय शिरली, तर काय तिला हॉर्न वाजवून बोलावू?"

"मग गाय महत्त्वाची की डॅड?"



"ते काहीही घ्या," वेंडेल हसून म्हणाले, "ऑर्लिनला मात्र किल्ली देऊ नका. त्याला आता आरामखुर्ची घ्या, चाकं नसलेली."

ग्रेडीही हसला. मित्रांनो, तो हसला. मला तोंड असतं तर त्या शेडचं छप्पर उडालं असतं. माझी रेस एकोणीस वर्षांत एकदाही अडकलेली नाही. पण माझा खरा संताप त्याचा नव्हे. त्या दिवसापासून पिकअपच्या किल्ल्या खिळ्यावरून निघून मार्नाच्या खिशात गेल्या. गावातल्या कॅफेत 'ऑर्लिनला आता झेपत नाही' असं सगळे बोलू लागले. ज्या माणसाने पन्नास वर्षं गाई राखल्या, तो हिवाळाभर खिडकीत बसून दुसऱ्यांना चारा टाकताना बघत राहिला. शेडच्या दारातून मला ती खिडकी दिसायची.

फेब्रुवारीत वासरांचा हंगाम जवळ आला, तेव्हा मार्ना माझं हँडल सरळ करायला आली. तिने मला धुतलं. मग माझ्यावर बसून हँडल धरलं आणि तिचा अंगठा आपोआप रेसच्या पट्टीवर पडला. ही पट्टी तर तिने स्वतः बोटांसाठी फिरवली होती. मग तिने पट्टी दोन-चार वेळा दाबून सोडली. ती दर वेळी चटकन परत आली.

तिने ऑर्लिन यांना आणलं. ते काठी टेकत बर्फावरून आले.

"डॅड, ही पट्टी कुणी फिरवली?"

ऑर्लिन तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. "ग्रेडीला बोटांनी जमत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही चालवत नव्हता. अशी तुम्हाला चालवताच आली नसती."

"नाही. मी मागे बसलो होतो."

"चार महिने, डॅड. चार महिने मी किल्ल्या खिशात घालून फिरतेय. लोकांसमोर मान हलवतेय की हो, म्हातारे झालेत."

"तो माझा मुलगा आहे."

"आणि मी कोण?"

ऑर्लिन काठीकडे बघत म्हणाले, "तो लहान पोरासारखा रडत होता, म्हणून एकदा हो म्हटलं. एकदा म्हटलं की रोज म्हणावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं."

मार्नाने खिशातून किल्ल्या काढल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या. मग तिने तिथूनच ग्रेडीला फोन लावला. तिचा आवाज चढला नाही. "मे महिन्यात वासरांना खुणेचे डाग द्यायला सगळे शेजारी येतील. ज्यांना तू ती गोष्ट सांगितलीस, त्यांनाच खरी सांगायची. नाहीतर यंदा शिकारीला येऊ नकोस. आणि त्यानंतरही नको."

मार्चमध्ये साइड-बाय-साइड आलीच. मार्नानेच आणली. मला वाईट वाटलं, पण मी खोटं बोलणार नाही. ऑर्लिन यांना आता टांग टाकून बसता येत नाही. त्या गाडीत खुर्चीसारखं बसायचं असतं आणि रेस पायाने द्यायची असते, अंगठा लागत नाही. पट्टा लावून ते पहिल्या दिवशी एकटे मिठाचे ठोकळे टाकून आले. त्या गाडीवर माझा राग नाही. ती तिचं काम करते. झुडपातली गाय हुसकायला आणि जंगलाच्या वाटेने जायला मार्ना अजून मलाच काढते, एकटी.

मे महिन्यात डाग देऊन झाल्यावर तीसेक माणसं फळकुटांच्या टेबलांवर जेवायला बसली. मी गुरांच्या वाड्याच्या फाटकाशी उभी होते. ग्रेडी ताट न घेताच उभा राहिला.

"ऑक्टोबरात मी चालवत होतो," तो म्हणाला. "डॅडना मी मागे बसवलं. मार्नाने नको म्हटलं होतं. रेसबिस काही अडकली नव्हती. मी उडी मारली."

वेंडेल यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग कॅफेत मी जे बोललो, ते शब्द मलाच गिळायला हवेत," ते म्हणाले. "ऑर्लिन, बटाटे घे."

ऑर्लिन यांनी बटाटे घेतले. मग शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली आणि मुलाला म्हणाले, "बस. जेवून घे."

त्यांनी माफ केलं असेल. बाप करतात. मी अजून केलेलं नाही. चार महिने एका जिवंत माणसाला खिडकीत बसवून ठेवलं, ते नुसत्या एका वाक्याने. तो हिवाळा ऑर्लिन यांना परत कोण देणार?

मित्रांनो, यंत्रांना धुवा, तेल द्या, उन्हापावसात टाकू नका, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी वेगळं सांगते. मोठे झालात की तुमच्यासमोरही प्रश्न येईल, ही गाडी घ्यावी की ती. वाट अरुंद असेल आणि एकट्याने जायचं असेल, तर माझ्यासारखी घ्या. बरोबर कुणी असेल, तर खुशाल दुसरी घ्या आणि पट्टा लावा. पण गाडी कुठलीही असो, ती उलटली, तर घरी येऊन पहिल्याच दिवशी सांगा, हँडल कुणाच्या हातात होतं.