नवशाची हजेरी

बाया आता चाळिशीला टेकली. कान्हे गावच्या बालवाडीत ती मुलांचं जेवण रांधते. दिवेलागणीला हातातलं काम सरलं की तिचं मन उठतं आणि भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या कातकरवाडीत जाऊन बसतं.

तिच्या लहानपणी वाडीतली संध्याकाळ फक्त बायकांची असायची. उन्हं कलली की सगळे बाप्ये ओळीनं खाली गावात उतरायचे, चावडीवर हजेरी द्यायला. मागं बायका चुलीवर करांद्याचे कंद उकडायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या, हसून हसून लोळायच्या. बायाला त्या घोळक्यात फार सुख वाटायचं. सगळ्याच गावांतले बाप्ये असे रोज जात असतील, असंच तिला वाटे.

तिचा बाप नवशा मधाचा माणूस. विसापूर किल्ल्याच्या कड्यावरचं मोहळ काढावं तर त्यानंच. पण तोच नवशा चावडीपुढं दिवस बुडेपर्यंत खाली मान घालून उकिडवा बसायचा, पुकारा झाला की "हजर" म्हणायचा आणि वहीत अंगठा उठवायचा. पाटील त्याला नावानं कधी हाक मारत नसे. "ए चोरट्या" एवढंच. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी वाडीतली मडकी उपडी व्हायची. लोणावळ्याला मध विकायला जायचं तर पाटलाची चिठ्ठी लागायची. हे कधीपासून आणि कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाया सतरा वर्षांची झाली, ते चोपन्न साल. गावच्या शाळेतल्या गोरख मास्तरांनी देवळाच्या ओसरीवर दुपारचा साक्षरतेचा वर्ग काढला होता. मोळी विकून बाया ओसरीच्या पायरीशी बसायची. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "खाली का? वर येऊन बस." एकदा त्यांनी विचारलं, "तुमचे बाप्ये का येत नाहीत? त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग घेतो."

"सांजंला हजेरी असती, मास्तर."

"कसली हजेरी?"

बायानं सांगितलं. मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"अगं, जन्मानंच माणसाला चोर ठरवणारा तो कायदा बावन्न सालीच रद्द झाला. आता हजेरी नाही, चिठ्ठी नाही. तुम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?"

बाया ते शब्द पुटपुटतच डोंगर चढली. नवशानं ऐकलं आणि मान हलवली.

"कायदा मेला असता तर पाटलानं सांगितलं नसतं व्हय?"

"त्यो कशाला सांगल, बा?"

सकाळी नवशानं मधाचा डबा खांद्यावर घेतला. "चल लोणावळ्याला. बगू तुजा कायदा."

मध विकून परतताना बाजारात शिपायानं हटकलं, "चिठ्ठी?" नवशाचा हात सवयीनं कनवटीला गेला. बाया पुढं झाली.

"चिठ्ठी लागत न्हाई आता. बावन्न सालीच त्यो कायदा रद्द झालाय."

शिपाई हसला आणि दोघांना ठाण्यात घेऊन गेला. टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी खरं बोलतेय. सोड त्यांना," तो म्हणाला. मग कागदातून मान वर न करताच, "पण चोऱ्या करू नका रे."

दारापर्यंत गेलेला नवशा थांबला. "सायेब, आमी कवा केली?"

जमादार लिहायचा थांबला. मान वर करून त्यानं नवशाकडं पाहिलं.

त्या संध्याकाळी वाडीतून कुणीही खाली उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतःच चढून आला, लाल झालेला, धापा टाकत. "ठाण्यात कळवीन!"

"कळवा की," नवशा म्हणाला. "आमी बी येतो संगं. वाट ठावं झालीया."

पाटील तसाच माघारी गेला. हजेरी सुटली. झडत्या मात्र पुढंही बरीच वर्षं होत राहिल्या, आणि 'चोरटा' हा शब्द गावाच्या तोंडातून गेला नाही. पण आता शिपाई आला की वाडीतलं कुणी ना कुणी विचारायचं, "कंच्या कायद्यानं?"

बायाला सगळ्यात जास्त आठवते ती बाप्ये घरी राहिल्याची पहिली संध्याकाळ. बायका अवघडून गप्प बसल्या होत्या. नवशाला हातपाय कुठं ठेवावेत ते कळेना. तो उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी अंगणापुढच्या खडकावर जाऊन बसला. सूर्य डोंगराला टेकला होता.

"बाये," त्यानं हाक मारली, "रोज असाच लाल हुतो काय गं ह्यो?"

"व्हय, बा."

"मला ठावंच न्हवतं," नवशा म्हणाला आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.